अख्ख्या गावाचा एकच बंब

आजोळी मागल्या अंगणात तांब्याचा बंब होता. पहाटे आजी त्यात चिपाडं, करवंट्या, कधी जुनी फळकुटं घालून तो पेटवायची. आमचा नंबर लागेपर्यंत पाणी असं कढत झालेलं असायचं की बादलीत निम्मं विसण घातल्याशिवाय तांब्या बुडवायची सोय नव्हती. गीझरवर वाढलेल्यांसाठी सांगतो, कढत पाणी अंगाला सोसेल इतपत करायला त्यात जे गार पाणी ओततात ते विसण. अंगाला पाणी हवं ४० अंशांचं, बंब देणार ८० अंशांचं. यात आजीचं काही चुकत नव्हतं. जाळ एकदा लागला की तो ४० वर थांबत नाही, वरचे अंश फुकटातच मिळतात.

हे फुकटातले अंश लक्षात ठेवा. युरोपातली थंड शहरं घरं उबदार ठेवण्याच्या व्यवस्थेतून कोळसा आणि गॅस हद्दपार करायला निघाली आहेत, आणि त्यांची सगळी डोकेदुखी या अंशांपाशी येऊन थांबते.

उदाहरणाला डेन्मार्क घेऊ. तिथल्या बहुतेक शहरांत घरोघरी बंब नसतो, अख्ख्या गावाला एक असतो. गावाबाहेर कुठेतरी पाणी तापवायचं, जमिनीखालच्या नळांतून ते घरोघर खेळवायचं, घरातल्या रेडिएटरला (भिंतीलगतच्या, आतून पाणी फिरणाऱ्या तापकाला) आपली ऊब देऊन गार झालेलं पाणी दुसऱ्या नळाने परत आणायचं आणि पुन्हा तापवायचं. पाणी तेच, गोल गोल फिरतं. नळ म्हणजे पोलादी पाईप, त्याभोवती पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, जाड थर आणि वर प्लास्टिकचं कवच. डॅनिश लोक याला ‘फ्येर्नवार्मे’ म्हणतात, म्हणजे दूरवरून येणारी ऊब. देशातली साधारण दोन तृतीयांश घरं या जाळ्यावर आहेत, आणि कोपनहेगनमध्ये तर जवळपास सगळीच.

सुरुवात १९०३ साली कोपनहेगनला खेटून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये झाली. कचरा टाकायला जागा उरली नव्हती म्हणून त्यांनी तो जाळायला घेतला, आणि त्या उष्णतेवर शेजारचं इस्पितळ, अनाथाश्रम वगैरे उबदार ठेवले. पण पसारा खरा वाढला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. तेव्हा डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात केलेल्या तेलातून येत होती. तेल आटलं तसं सरकारने रविवारी गाड्या चालवायला बंदी घातली. १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला आणि कुठल्या भागात गरम पाण्याचं जाळं न्यायचं, कुठे गॅसची लाइन, याचे चक्क नकाशे आखले गेले. या कायद्यातली एक गोष्ट आपल्याकडच्या सहकारवाल्यांनी वाचण्यासारखी आहे. ऊब विकून नफा कमवायचा नाही, आवश्यक खर्च तेवढाच वसूल करायचा. पुष्कळ ठिकाणी जाळं नगरपालिकेच्या नाहीतर खुद्द ग्राहकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं असतं. वार्षिक सभा, संचालक मंडळ, दरावरून वादावादी, सगळं साग्रसंगीत.

आता एवढं पाणी तापवायचं कशावर? बहुतेक ठिकाणी वीज केंद्राच्या उष्ट्यावर. हे ज्याला चटकन कळेल तो साखर कारखान्यातला माणूस. कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून जास्त दाबाची वाफ करतात, ती टर्बाइनमधून नेऊन वीज काढतात, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या, जोर ओसरलेल्या वाफेवर उसाचा रस आटवतात. आपण त्याला को-जन म्हणतो. नुसत्या औष्णिक वीज केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम ४० टक्के भाग वीज होतो आणि बाकीची समुद्रात नाहीतर कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. तीच उष्णता रसाऐवजी शहराच्या नळांत सोडली तर एकूण उपयोग ९० टक्क्यांच्या घरात पोहोचतो. डेन्मार्कने हेच केलं, आणि त्या काळाच्या मानाने ते शहाणपणाचंच होतं.

गोची अशी की उष्टं मिळायला आधी कुणीतरी जेवावं लागतं. पवनचक्क्या आल्या, विजेसाठी कोळसा जाळायची गरज संपत चालली, आणि त्याबरोबर गावाची ऊबही जायची वेळ आली. पवनचक्कीला उष्टं नसतं. जगाचा विचार केला तर हा प्रश्न आणखी मोठा आहे. अशी सर्वांत मोठी जाळी चीन आणि रशियात आहेत आणि जगभर नळांतून मिळणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के अजूनही कोळसा, गॅस आणि तेलावरच तयार होते.

मग आगीशिवाय पाणी तापवायचं कसं? हीट पंपाने. नाव नवं वाटलं तरी हे यंत्र आपल्या स्वयंपाकघरात आहे. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून जाळीला हात लावला की गरम लागते. हीट पंप तेच करतो, फक्त उलट हेतूने. तो समुद्रातून, नदीतून नाहीतर सांडपाण्यातून उष्णता ओढतो आणि गावाच्या नळांत सोडतो. ५ अंशांच्या समुद्रातही उष्णता असते, फक्त ती आपल्या कामाच्या तापमानाला नसते. तिला ढकलत वर चढवावं लागतं आणि त्या ढकलण्याला वीज लागते.

इथे आजीचा हिशेब उलटतो. जाळावर वरचे अंश फुकट होते; पंपावर प्रत्येक अंश विकत घ्यावा लागतो. भौतिकशास्त्राने घातलेली कमाल मर्यादाच बघा. ५ अंशांच्या समुद्रातून उष्णता काढून पाणी १२० अंशांपर्यंत न्यायचं तर १ युनिट विजेत फार तर ३.४ युनिट उष्णता मिळेल. ८० अंशांवर थांबलात तर ४.७. ६० अंशांवर भागलं तर ६. प्रत्यक्षातली यंत्रं साधारण याच्या निम्म्यावर चालतात, पण प्रमाण तेच राहतं. गावाला ६० अंशांचं पाणी पुरणार असेल आणि तुम्ही सवयीने १२० चं पाठवत असाल, तर विजेचं बिल जवळजवळ दुपटीकडे जातं.

आणि जुनी जाळी नेमकी तशीच बांधलेली आहेत. अगदी पहिली पिढी तर वाफेची. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये रस्त्यातल्या झाकणांतून वाफ निघताना दिसते ना, तिथे १८८२ पासून असं वाफेचं जाळं आहे आणि ते आजही चालू आहे. नंतर १०० अंशांच्या वरचं, दाबाखालचं पाणी आलं. मग १०० च्या खालचं. आता प्रयत्न चाललाय तो ५०-६० अंशांवर आणायचा. कोपनहेगनच्या जुन्या भागातही वाफेचं जाळं होतं. रस्ते उकरत उकरत वर्षानुवर्षं खर्चून ते गरम पाण्यावर आणावं लागलं. कोळसा बंद केल्याची बातमी पेपरात येते, पाईप बदलल्याची येत नाही. माझ्या मते अवघड काम पाईप बदलण्याचंच.

हे जमलं कसं ते पाहायचं तर एस्बियर्गला जायचं. उत्तर समुद्राच्या काठचं बंदर. तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्राची २५० मीटरची चिमणी लांबून दिसायची. ते केंद्र २०२४ मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी समुद्राच्या पाण्यावर चालणारा ७० मेगावॉटचा हीट पंप आला. सोबत लाकडाच्या चिपांवर चालणारा बॉयलर, आणि विजेवरचा एक मोठा बॉयलर. हा शेवटचा म्हणजे आपल्या गीझरचा थोरला भाऊ, १ युनिट विजेत १ च युनिट उष्णता देणारा. तो कशाला ठेवलाय? वारा सुटला की तिथे वीज इतकी होते की तिचा भाव शून्याला टेकतो, कधी शून्याच्या खालीही जातो. अशा वेळी उधळेपणा परवडतो.

एस्बियर्गच्या पंपाला बंदरातलं पाणी सेकंदाला सुमारे ४,००० लिटर या दराने लागतं. त्यातली काही अंश ऊब काढून घ्यायची आणि पाणी समुद्रात परत सोडायचं. सुमारे २५,००० घरांना पुरेल एवढी उष्णता त्यातून निघते. फ्रिजमध्ये जसा गॅस फिरतो तसा इथे फिरतो तो चक्क कार्बन डायऑक्साइड. ज्याला हाकलायचं त्यालाच कामाला लावलं, हा योगायोग गमतीचा आहे खरा, पण कारण साधं आहे. बंदराला लागून वाडन समुद्राचा उथळ किनारा आहे, जागतिक वारसा यादीतला. तिथे एखादं विषारी किंवा टिकून राहणारं रसायन गळलं तर फार नुकसान होईल, कार्बन डायऑक्साइडने तसं होत नाही.

पण या कार्बन डायऑक्साइडवाल्या पंपाची एक खोड आहे. घरांकडून परत येणारं पाणी जितकं गार, तितका तो खूश. परतीचं पाणी कोमट आलं की त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणजे कोट्यवधी खर्चून बंदरात बसवलेलं यंत्र नीट चालतं की नाही, हे गावातल्या हजारो बैठकीच्या खोल्यांतून ठरतं.

माझी मावसबहीण कोपनहेगनच्या एका उपनगरात राहते. पहिल्या हिवाळ्यात तिने काय केलं, तर वीज वाचवायची आपली सवय लावली. बाकी खोल्यांचे रेडिएटर बंद, बैठकीतला एकच पूर्ण उघडलेला. तो वरपासून खालपर्यंत चटका बसेल असा तापायचा. वर्षाअखेर बिलात तिला एक जादा आकार दिसला. ऊब तर कमी वापरली, मग दंड कसला? शेजारच्या आजोबांनी येऊन रेडिएटरच्या तळाशी हात लावला आणि मान हलवली. तळ गरम लागतोय याचा अर्थ पाणी आपली ऊब न देताच पळत सुटलंय. सगळे रेडिएटर थोडे थोडे उघडायचे, पाणी सावकाश जाऊ द्यायचं. वरचा भाग गरम आणि तळ गार लागला म्हणजे काम झालं. मीटर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजतं, आणि पुष्कळ कंपन्या परतीचं पाणी गार पाठवणाऱ्याला सूट देतात आणि गरम पाठवणाऱ्याकडून जास्त घेतात. पुढच्या डिसेंबरात मावशी तिकडे गेली. तिने आल्या आल्या रेडिएटरला हात लावला आणि म्हणाली, ‘अगं, हा खालून गारच आहे, बिघडलाय बहुतेक.’

तापमान उतरवण्यालाही तळ आहे. नळाचं गरम पाणी फार कोमट ठेवलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यापासून गंभीर न्यूमोनिया होतो. म्हणून आंघोळीचं पाणी टाकीत साठवण्याऐवजी लागेल तेव्हा लहानशा हीट एक्स्चेंजरमधून (एका पाण्याची ऊब न मिसळता दुसऱ्या पाण्याला देणाऱ्या यंत्रातून) तापवून देतात. दुसरा अडथळा घरांचा. भिंतींना नीट इन्सुलेशन नसेल, खिडक्या फटींच्या असतील, तर ५५ अंशांच्या पाण्याने जानेवारी निघत नाही. मोठे रेडिएटर किंवा जमिनीखालून फिरवलेले पाईप असतील तर निघतो, कारण पृष्ठभाग मोठा असला की पाणी कमी गरम असून भागतं. आणि पाणी कमी गरम असलं की वाटेत गळती कमी. डेन्मार्कमध्येही नळांत सोडलेल्या उष्णतेचा साधारण पाचवा भाग जमिनीत मुरतो.

साठवणीचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण त्यात तंत्रज्ञान जवळजवळ नाहीच. एरो नावाच्या बेटावर मार्स्टाल हे छोटं गाव आहे. त्यांनी ३३,३०० चौरस मीटरचे सौर तापक मांडलेत. पण ऊन उन्हाळ्यात आणि थंडी हिवाळ्यात, मग करायचं काय? त्यांनी शेततळं खणलं. अगदी आपल्या शेततळ्यासारखं, खड्डा खणून प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, ७५,००० घनमीटरचं. फरक एवढाच की वर तरंगतं, जाड, उष्णतारोधक झाकण. उन्हाळ्यात तापवलेलं पाणी हिवाळ्यात काढायचं. वोयेन्स गावातलं तळं तर २ लाख घनमीटरचं आहे. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती ४० अंशांनी तापवली तर तिच्यात सुमारे ४६ युनिट ऊर्जा साठते. वोयेन्समध्ये अशा २ लाख टाक्या एकाच खड्ड्यात आहेत. आणि महिनोन्महिने ते पाणी गार कसं होत नाही? कपातला चहा पाच मिनिटांत निवतो, लग्नाच्या पंगतीतलं पातेलं तासभर वाफाळत राहतं, त्याच कारणाने. आकार वाढला की आतलं पाणी झपाट्याने वाढतं, ऊब निसटायला मिळणारा पृष्ठभाग त्या मानाने कमी वाढतो.

ओडेन्समध्ये फेसबुकच्या डेटा सेंटरची गरम हवा पकडून हीट पंपाने शहराच्या जाळ्यात घालतात. कुणाच्या तरी सेल्फी साठवताना तापलेल्या यंत्रांवर ओडेन्सकरांचं आंघोळीचं पाणी तापतं, एवढं सांगून पुढे जातो.

कारण न पटणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. डेन्मार्कने कोळसा सोडला त्या जागी सर्वांत जास्त काय आलं असेल तर लाकूड. कोपनहेगनजवळच्या आमागर आणि आवेडोरच्या केंद्रांत लाकडाच्या चिपा आणि गोळ्या जळतात, त्यातलं बरंच लाकूड परदेशातून येतं. झाड पुन्हा वाढेल म्हणून हिशेबाच्या वहीत हा धूर शून्य धरतात. झाड वाढायला काही दशकं लागतात आणि जळायला काही मिनिटं, हे वहीत कुठे दिसत नाही. कचऱ्याचंही तेच. आमागर बाक्के हा कचरा जाळून वीज आणि ऊब देणारा कारखाना २०१७ मध्ये सुरू झाला. त्याच्या छपरावरून लोक स्कीइंग करतात, फोटो फार सुरेख येतात. पण कचऱ्यात प्लास्टिक असतं आणि प्लास्टिक म्हणजे शेवटी खनिज तेलच. कोपनहेगनने २०२५ पर्यंत कार्बनमुक्त व्हायचं जाहीर केलं होतं. त्यासाठी या कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडायचा बेत होता, त्याला सरकारी निधीची अट जमली नाही, आणि २०२२ मध्ये शहराने मुदत पाळता येणार नसल्याचं कबूल केलं. छपरावरच्या स्कीइंगपेक्षा ही कबुली मला जास्त मोलाची वाटते.

इतका वेळ उबेचं बोललो, पण याच नळांतून गारवाही नेता येतो. टोरंटोत २००४ पासून ऑन्टॅरिओ तलावाच्या तळातून, ८३ मीटर खोलीवरून, ४ अंशांचं पाणी ओढून त्यावर शहरातल्या मोठ्या इमारती थंड ठेवतात, आणि गारवा काढून घेतलेलं तेच पाणी पुढे पिण्यासाठी जातं. पॅरिसमध्ये सीन नदीच्या पाण्याची मदत घेऊन लूव्र संग्रहालय थंड ठेवलं जातं. पण सर्वांत हुशार बेत हेलसिंकीचा आहे. तिथे एका बागेखाली, खडकाच्या पोटात, कात्री वाला नावाचं हीट पंप केंद्र २००६ पासून चालू आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून ते ऊब काढतं, आणि कचेऱ्या थंड करून, थोडं तापून परत आलेल्या पाण्यातूनही. एकाच यंत्राच्या एका टोकाला गारवा आणि दुसऱ्या टोकाला ऊब, दोन्ही विकायची.

आपल्याकडे ऊब कुणाला नकोच आहे, गारवा हवाय. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत देशातलं पहिलं मोठं सामाईक कूलिंगचं जाळं आहे. तिथल्या मनोऱ्यांवर एसीची यंत्रं लटकत नाहीत, थंड पाणी नळातून येतं. याची क्षमता टनात मोजतात, आपल्या दीड टनी एसीसारखीच. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढा गारवा, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. बर्फाच्या लाद्या विकत घ्यायच्या काळातलं माप आहे ते. मध्यवर्ती यंत्राचा दुसरा फायदा गॅसचा. पुष्कळ एसींत फिरणारा आर-४१०ए नावाचा गॅस एक किलो हवेत गेला तर तो सुमारे २,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो, आणि गल्लोगल्ली दुरुस्ती होताना तो जातोच. एका ठिकाणी यंत्रं असली तर गळतीवर नजर ठेवता येते.

टोरंटोसारखं मुंबईने समुद्रातून गार पाणी ओढावं, असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. आपला समुद्र हिवाळ्यात २४-२५ अंश आणि मे महिन्यात ३० ला टेकलेला. त्यात गारवा नाही, फार तर यंत्राची उष्णता टाकायला तो हवेपेक्षा बरा.

आणि इथेही अंशांचा तोच हिशेब लागू होतो, फक्त उलट दिशेने. खोली हवी २५ अंशांची, तर नळात पाणी ६-७ अंशांचं कशाला? मुख्य कारण दमट हवा. हवेतलं बाष्प पिळून काढायला तेवढं गार काहीतरी लागतं, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसं. मग कल्पना निघाली, बाष्पाचं काम वेगळ्या यंत्राला देऊ आणि गारव्याचं वेगळ्या. इन्फोसिसने हैदराबादच्या आवारात एक इमारत अशीच बांधली. निम्मी नेहमीच्या चांगल्या एसीवर, आणि निम्मीच्या स्लॅबमध्ये पाईप पुरून त्यांतून फार गार नसलेलं पाणी फिरवलं. छत एवढं मोठं, म्हणून पाणी एवढं थंड लागत नाही. डॅनिश घरातल्या मोठ्या रेडिएटरसारखंच हे. त्या बाजूला गारव्यासाठी वीज सुमारे एक तृतीयांशाने कमी लागली. छत हाताला लागतं ते डिसेंबरातल्या सकाळी शहाबादी फरशी अनवाणी पायाला लागते तेवढं गार, बर्फासारखं नव्हे.